आतल्या माणसाची सही: नोटरी कुठे लागते, कुठे चालत नाही

घरातला माणूस आत, म्हणजे तुरुंगात, गेला की आठवडाभरात कागदांचा ससेमिरा सुरू होतो. वकिलाला वकीलपत्र हवं असतं, बँकेत हप्ता थकतो, जप्त झालेली गाडी सोडवायची असते, सोसायटी नोटीस पाठवते आणि कोर्टाचा खर्च भागवायला जमिनीचा तुकडा विकायची बोलणीही निघतात. प्रत्येक खिडकीवर एकच सल्ला मिळतो: "नोटरी करून आणा."

हा सल्ला बरेचदा अर्धवट असतो. निम्म्याअधिक कागदांना नोटरी लागतच नाही, आणि जमीन विकण्यासारख्या सर्वांत मोठ्या कामाला नुसती नोटरी पुरत नाही. म्हणून शिक्क्यामागे धावण्याआधी एवढंच विचारायचं की हा कागद शेवटी कुणाच्या टेबलावर जाणार आणि त्या टेबलाला कायद्याने कुणासमोरची सही चालते.

नोटरीचं काम १९५२ च्या नोटरी कायद्याने ठरवून दिलंय. कागदात लिहिलंय ते खरं आहे, असं नोटरी सांगत नाही. अमुक माणसाने, अमुक तारखेला, माझ्यासमोर सही केली आणि त्याची ओळख मी पटवून घेतली, एवढंच तो सांगतो. शिवाय नोटरीच्या नोंदवहीत त्या व्यवहाराची नोंद होते. म्हणजे बंदी तुरुंगात असेल तर नोटरीने आत जायला हवं, नाहीतर बंदी त्याच्यासमोर यायला हवा. व्हिडिओ मुलाखतीत सही दाखवून झालेली नोटरी या व्याख्येत बसत नाही.

"सही आतून करून आणा, मी शिक्का मारतो" म्हणणारे भेटतात. स्वस्त पडतं, पण यासारखा कच्चा कागद दुसरा नाही. बाहेर राहणारा माणूस त्या दिवशी नोटरीकडे गेला होता की नव्हता, हे सिद्ध करणं अवघड असतं. तुरुंगातला माणूस मात्र त्या तारखेला कुठे होता, हे जेलच्या नोंदी सांगतात, आणि नोटरी आत आला होता का, हे गेटवरची नोंदवही सांगते. उद्या एखाद्या भावाने किंवा सावकाराने वाद काढला तर विरुद्ध बाजूच्या वकिलाला या दोन नोंदी मागवल्या की पुरे. व्यवहार तर बुडतोच, वर खोटा दस्त केल्याचा नवा गुन्हा अंगाशी येतो.

वकीलपत्राला नोटरी नको

सुरुवात सोप्या कागदापासून. वकीलपत्रावर बंद्याची सही किंवा अंगठा आणि त्याखाली तुरुंगाधिकाऱ्याचं साक्षांकन, एवढ्यावर कोर्ट ते स्वीकारतं. छापील नमुन्यात कोर्टाचं नाव, खटल्याचा किंवा गुन्ह्याचा क्रमांक, पोलीस ठाणं, कलमं आणि वकिलाचं नाव आधी भरायचं. मग तो जेलच्या न्यायालयीन विभागात द्यायचा. आत सही झाली की अधिकारी साधारण असं लिहितात:

"वरील सही बंदी क्रमांक ____, नाव ____ यांनी दिनांक ____ रोजी माझ्यासमोर केली आहे."

याखाली अधिकाऱ्याची सही, नाव, हुद्दा आणि कारागृहाचा गोल शिक्का हवा. कागद हातात आला की गेटवरच हे तपासा. हुद्द्याशिवायची सही किंवा अर्धवट उमटलेला शिक्का हायकोर्टाच्या छाननीत अडकतो, आणि एका शिक्क्यासाठी पुन्हा सगळा फेरा पडतो. कोर्ट फीचं तिकीट आणि वकील कल्याण निधीचं तिकीट नंतर बाहेर लावता येतं.

एकाच वेळी तीन-चार वकीलपत्रं पाठवणं शहाणपणाचं: एक दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टासाठी, एक सत्र न्यायालयासाठी, एक हायकोर्टासाठी. पण कोर्टाचं नाव प्रत्येकावर भरलेलं हवं. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या मुद्रांकावर आतून सही मागणारा कुणीही असो, अगदी सख्खा असो, त्याला नाही म्हणायचं.

शिक्षा झालेल्या बंद्याला अपील करायचं असेल तर वकीलसुद्धा आधी लागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४२४ प्रमाणे तो अपिलाचा अर्ज तुरुंगाच्या प्रभारी अधिकाऱ्याकडे देऊ शकतो आणि तो अधिकारी अर्ज अपील न्यायालयाकडे पाठवतो. वकील नसेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. जेलमधल्या विधी सहाय्य केंद्रात सांगायचं किंवा घरच्यांनी १५१०० वर फोन करायचा.

प्रतिज्ञापत्र: आधी बघा, बंद्याचंच हवंय का

फौजदारी कामातलं प्रतिज्ञापत्र कुणासमोर करता येतं, याची यादी त्याच संहितेच्या कलम ३३३ मध्ये आहे: न्यायाधीश, न्यायिक किंवा कार्यकारी दंडाधिकारी, न्यायालयाने नेमलेले शपथ आयुक्त आणि नोटरी. तुरुंग अधीक्षक या यादीत नाहीत. त्यांनी साक्षांकित केलेली सही म्हणजे शपथेवरचं निवेदन होत नाही, आणि इथेच लोक फसतात. वकीलपत्रावर चाललेला शिक्का प्रतिज्ञापत्रावरही चालेल असं गृहीत धरतात.

सुदैवाने पुष्कळदा बंद्याचं प्रतिज्ञापत्र लागतच नाही. घरची परिस्थिती, आजारपण, पत्ता, उत्पन्न या गोष्टी पत्नीला, आईला किंवा भावाला स्वतःच्या माहितीने सांगता येतात. मग त्यांनी आपल्या नावाने, बाहेरच्या नोटरीसमोर प्रतिज्ञापत्र करायचं. वकिलाला हे स्पष्ट विचारा. जुन्या मसुद्यात "मी अर्जदार" लिहिलेलं असतं म्हणून अनेक प्रतिज्ञापत्रं उगाच जेलच्या दारात जातात.

सरकारी कामांतही तेच. महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये बऱ्याच दाखल्यांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी साध्या कागदावरचं स्वयंघोषणापत्र आणलं. पासपोर्टच्या जोडपत्रांना डिसेंबर २०१६ पासून नोटरी लागत नाही. मुलाचा पासपोर्ट काढायचा आहे आणि वडील आत आहेत, तर संमती का मिळवता येत नाही हे सांगणारं एका पालकाचं घोषणापत्र असतं, त्याचा उपयोग करा. आणि घटस्फोटाच्या कागदावर नोटरीचा शिक्का मारून लग्न मोडत नाही. आत सही घेऊन असे कागद फिरवणारे आहेत, म्हणून हे लिहावं लागतंय.

मुखत्यारपत्र: इथे नोटरीचं खरं काम

बँक, सोसायटी, भाडेकरू, वीजजोडणी, आरटीओ, दिवाणी दावा, कोर्टाकडून जप्त गाडी सुपूर्तनाम्यावर (सांभाळण्याची हमी लिहून देऊन) सोडवणं, या कामांसाठी बंद्याच्या वतीने सही करणारा माणूस लागतो. त्याला मुखत्यारपत्र द्यावं लागतं. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ८४ मध्ये (जुन्या कायद्यातलं कलम ८५) म्हटलंय की नोटरी, न्यायालय, न्यायाधीश, दंडाधिकारी किंवा भारतीय वाणिज्यदूत यांच्यासमोर केलेलं आणि त्यांनी अधिप्रमाणित केलेलं मुखत्यारपत्र न्यायालय खरं धरून चालेल. अधीक्षक इथेही नाहीत. म्हणून नोटरीला आत न्यायची खटपट मुखत्यारपत्रासाठी करावी, आणि ती नीट करावी.

अटकेपूर्वी केलेलं मुखत्यारपत्र असेल तर आधी ते शोधा. तुरुंगात गेल्याने मुखत्यारपत्र संपत नाही. ते संपतं रद्द केल्यावर, मुदत संपल्यावर, देणारा किंवा घेणारा वारल्यावर किंवा त्याचं मानसिक संतुलन गेल्यावर.

नवं करायचं असेल तर पोलीस कोठडीत करू नका, न्यायालयीन कोठडी मिळेपर्यंत थांबा. तपास अधिकाऱ्याच्या ताब्यात असताना केलेली सही दबावाखाली होती, असं म्हणायला कुणालाही जागा मिळते.

मसुदा बेताचा असावा. "माझी सर्व कामे करण्याचा अधिकार" हे वाक्य ऐकायला भारदस्त, पण बँक ते मान्य करत नाही आणि घरच्यांतल्या भांडणाला ते खतपाणी घालतं. कुठल्या बँकेची कुठली शाखा, कुठलं खातं, पैसे काढायचे की फक्त हप्ता भरायचा, गाडीचा क्रमांक, दाव्याचा क्रमांक, सगळं लिहायचं. काही बँका स्वतःचाच नमुना वापरायला लावतात. तो आधीच आणला तर दुसऱ्यांदा जेलची परवानगी काढावी लागत नाही. बंद्याचं नाव आधार कार्डावर आहे तसंच, कंसात गुन्ह्याच्या कागदात आहे तसं. घरचा कायमचा पत्ता आणि "सध्या अमुक कारागृहात, बंदी क्रमांक अमुक" असे दोन्ही पत्ते. प्रत्येक पानावर सहीला जागा, दोघांचे फोटो, मुखत्याराची नमुना सही आणि शक्यतो मुदत.

बंद्याला वाचता येत नसेल किंवा मसुदा इंग्रजीत असेल तर शेवटी "मजकूर मला मराठीत वाचून व समजावून सांगितला" हे वाक्य आणि समजावणाऱ्याची सही हवीच. सहीबरोबर डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसाही घ्या. सहा महिने आत असलेल्या माणसाची सही बँकेतल्या नमुन्याशी जुळत नाही, असं सर्रास होतं.

मुद्रांकाबद्दल दोन गोष्टी. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाप्रमाणे खरेदीच्या तारखेपासून सहा महिन्यांत मुद्रांक वापरला नाही तर तो बाद होतो, आणि जेलची परवानगी रेंगाळली की हे घडतंच. म्हणून मंजुरी हातात आल्यावरच मुद्रांक घ्या. तो बंद्याच्या किंवा मुखत्याराच्या नावावर हवा, मध्यस्थाच्या नाही. साध्या मुखत्यारपत्राला सध्या लोक ५०० रुपयांचा मुद्रांक वापरतात. जवळच्या नातेवाइकाला मोबदला न घेता मालमत्ता विकण्याचा अधिकार दिला तरी शुल्क ५०० रुपयेच, पण मोबदला घेऊन तोच अधिकार दिला तर पूर्ण खरेदीखताइतकं शुल्क लागतं.

नोटरीला आत न्यायचं कसं

प्रथम हद्द बघा. नोटरीला ठरावीक क्षेत्रापुरताच परवाना असतो. तळोजा कारागृह रायगड जिल्ह्यात येतं, येरवडा पुण्यात, हर्सूल छत्रपती संभाजीनगरात. फोर्टमधला ओळखीचा नोटरी मुंबईपुरता असेल तर त्याने तळोज्यात केलेलं काम वादात सापडतं. तुरुंग जिथे आहे तिथला नोटरी शोधा. परवाना चालू आहे का, हे त्याच्या शिक्क्यावरच्या तारखेवरून कळतं. फी नियमात ठरलेली असते, बाहेर जाण्याचा प्रवासखर्च वेगळा. पावती मागा, ती देणं त्याला बंधनकारक आहे.

मग अधीक्षकांना अर्ज. तो वकिलामार्फत गेलेला बरा. त्यात बंद्याचं नाव आणि क्रमांक, खटला, कागदाचा प्रकार आणि कारण, येणाऱ्या प्रत्येकाचं नाव व ओळखपत्र, सोयीच्या दोन-तीन तारखा. सोबत मसुद्याची प्रत जोडायची. मजकूर दिसला नाही तर जेल प्रशासन साहजिकच साशंक होतं. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि एकीवर आवक क्रमांकासह पोच घ्या.

काही अधीक्षक या अर्जावरच परवानगी देतात. बरेच जण "कोर्टाचा आदेश आणा" म्हणतात, आणि त्यात नेहमीच आडमुठेपणा असतो असं नाही. मकोका (संघटित गुन्हेगारी), यूएपीए (दहशतवाद) किंवा पीएमएलए (काळ्या पैशाचे व्यवहार) अशा कायद्यांखालच्या आरोपीकडे अनोळखी माणूस सोडायचा तर जबाबदारी त्यांच्यावर असते. कच्च्या कैद्याचा, म्हणजे शिक्षा न झालेल्याचा, खटला ज्या कोर्टात आहे तिथे मग अर्ज द्यायचा. मागणी अशी नेमकी असावी:

"अर्जदार आरोपी ____ कारागृहात न्यायालयीन कोठडीत असून ____ या कामासाठी त्याने मुखत्यारपत्र करून देणे आवश्यक आहे. तरी नोटरी ____, नोंदणी क्रमांक ____, यांना नोंदवही, शिक्के, शाईचा पॅड व पेन यांसह कारागृहात प्रवेश देऊन आरोपीची सही व अंगठ्याचा ठसा घेऊ द्यावा, असे आदेश कारागृह अधीक्षकांना व्हावेत."

वस्तूंची ती यादी कंटाळवाणी वाटेल, पण तिच्यावाचून काम अडतं. तुरुंगाच्या नियमांप्रमाणे गेटवर झडती होते आणि परवानगीत नसलेली वस्तू बाहेर ठेवावी लागते. आदेशात फक्त "नोटरीस प्रवेश द्यावा" असेल आणि शाईचा पॅड आत गेला नाही, तर ठसा कसा घेणार? नोंदवही बाहेर राहिली तर नोंद नंतर करावी लागते, म्हणजे पुन्हा तोच कच्चेपणा. फोटो आधीच चिकटवून न्या, कारण मोबाइल आत जाणार नाही.

ओळखपत्राचा घोळ वेगळाच. अटकेच्या वेळी पाकीट आणि आधार कार्ड पंचनाम्यात जप्त झालेलं असतं, मूळ कार्ड मुद्देमालात पडून असतं. ई-आधारची छापील प्रत, पॅन कार्ड किंवा मतदार ओळखपत्र घरून न्या, आणि अधीक्षकांकडून फोटोसह "हा इसम या कारागृहात आहे" असा दाखला घ्या. मोबाइलही जप्त असतो, त्यामुळे ओटीपी येत नाही. ऑनलाइन बँकिंगच्या जोरावर मुखत्यारपत्र टाळू म्हणणाऱ्यांची गाडी इथेच अडते. आणि हप्ते चुकत असतील तर परवानगीची वाट न बघता बँकेला अटकेची लेखी खबर देऊन ठेवा.

प्रत्यक्ष भेटीत नोटरीने बंद्याशी थेट बोलावं: कागद काय आहे, कुणाला अधिकार देताय, स्वखुशीने देताय का. मग त्याच्यासमोर सह्या. नोटरीच्या शेऱ्यात ठिकाण म्हणून कारागृहाचं नाव यायला हवं. "पुणे येथे" एवढंच लिहू नका, "येरवडा मध्यवर्ती कारागृह, पुणे येथे" लिहा. परवानगीचा किंवा कोर्टाच्या आदेशाचा क्रमांकही तिथेच घाला. वर तुरुंगाधिकाऱ्याचं साक्षांकन मिळालं तर दुधात साखर. दोन मूळ प्रती करा, एक बँकेत अडकली तर दुसरी हाताशी राहते.

पेशीच्या दिवशी कोर्टातच उरकता येईल का? येतं, पण कोर्टाच्या परवानगीनेच. एस्कॉर्टचे पोलीस स्वतःच्या अखत्यारीत कागदावर सही करू देणार नाहीत, आणि त्यांनी देऊही नये. न्यायाधीशांना आधी अर्ज द्या, त्या दिवशी नोटरीला कोर्टात बोलावून ठेवा. धोका एकच, आता बऱ्याच तारखा व्हिडिओवर होतात. प्रत्यक्ष हजर करण्याचा आदेश आहे का, ते आदल्या दिवशी विचारून घ्या.

पक्क्या, म्हणजे शिक्षा झालेल्या, कैद्याचं गणित वेगळं. त्याचा खटला कुठल्या कोर्टात चालू नसतो, म्हणून अधीक्षक, मग विभागीय उपमहानिरीक्षक, आणि तिथेही दाद लागली नाही तर हायकोर्ट. पण तो संचित रजेला (फर्लो) पात्र असेल तर रजेवर बाहेर आल्यावर नोटरीकडे किंवा दुय्यम निबंधकाकडे (दस्त नोंदवणारा सरकारी अधिकारी) जाणं सर्वांत सरळ. रजेचा अर्ज करतानाच कागदांची यादी तयार ठेवा.

जमीन किंवा फ्लॅट असेल तर दुय्यम निबंधक

सर्वांत जास्त पैसा इथे बुडतो. नोटरी केलेलं मुखत्यारपत्र घेऊन लोक विसार घेतात आणि नोंदणीच्या दिवशी कळतं की हा कागद पुरेसा नाही.

नोंदणी कायदा, १९०८ चं कलम ३३ सांगतं की भारतात राहणाऱ्या माणसाच्या वतीने दस्त नोंदणीला सादर करायचा, तर त्याने मुखत्यारपत्र आपल्या हद्दीतल्या निबंधकासमोर किंवा दुय्यम निबंधकासमोर केलेलं आणि त्यांनी प्रमाणित केलेलं हवं. नोटरीसमोरचं चालतं ते परदेशी राहणाऱ्याचं. मुखत्याराने स्वतःच खत करून दिलं असेल तर हे कलम आड येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली रजनी टंडन खटल्यात म्हटलं होतं. पण तेवढ्या भरवशावर व्यवहार करू नये. घेणाऱ्याची बँक आणि तिचा वकील प्रमाणित किंवा नोंदणीकृत मुखत्यारपत्रच मागतात, आणि खटला सांगून कर्ज मंजूर होत नाही.

आता दिलासा. त्याच कलम ३३ च्या परंतुकात (अपवाद सांगणाऱ्या भागात) तुरुंगातल्या माणसाला कार्यालयात यायची सक्ती नाही, असं स्पष्ट लिहिलंय. निबंधक स्वतः तुरुंगात जाऊन त्याची विचारपूस करू शकतो किंवा त्यासाठी आयुक्त नेमू शकतो. बंद्याने खरेदीखत, बक्षीसपत्र किंवा हक्कसोडपत्र स्वतःच केलं असेल तर कलम ३८ तीच सवलत देतं. शंभरहून अधिक वर्षं कायद्यात असलेली ही तरतूद खिडकीवरच्या कारकुनाला बहुधा ठाऊक नसते. अर्जात कलमाचा आकडा लिहून न्या आणि दुय्यम निबंधकाशीच बोला.

अर्जासोबत दस्ताचा मसुदा, बंदी आत असल्याचा अधीक्षकांचा दाखला, ओळखपत्रांच्या प्रती आणि भेटीची फी. तारीख ठरली की जेलची परवानगी वर सांगितल्यासारखीच, पण वस्तूंची यादी मोठी: लॅपटॉप, कॅमेरा, बोटांचे ठसे घेणारं यंत्र. कलम ३२अ मुळे फोटो आणि ठसे टाळता येत नाहीत. तुरुंगात विजेवर चालणारी यंत्रं न्यायची म्हणून इथे कोर्टाचा आदेश जवळजवळ धरूनच चाला. नोटरीच्या कामापेक्षा याला बराच जास्त वेळ लागतो, विसारपावतीत तशी मुदत ठेवा. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीला सादर व्हायला हवा. त्यानंतरचे चार महिने दंड भरून मिळतात, पुढे नाही.

मालमत्तेवर जप्ती असेल तर यातलं काहीच करू नका. ईडीने किंवा एमपीआयडी (ठेवीदारांच्या हितरक्षणाच्या) कायद्याखाली जप्त झालेली मालमत्ता मुखत्यारपत्राने सुटत नाही, उलट विक्रीचा प्रयत्न जामिनाच्या सुनावणीत तुमच्याविरुद्ध वाचला जातो. आणि नुसतं मुखत्यारपत्र देऊन जमीन "विकली" असं कुणी समजत असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०११ च्या सूरज लँप निकालाने तो मार्ग बंद केलाय. मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच जाते.

मृत्युपत्राचं मात्र उलट आहे. त्याला मुद्रांक नको, नोटरी नको, नोंदणीही ऐच्छिक. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम ६३ प्रमाणे दोन साक्षीदार हवेत. वकील आणि जेलचे वैद्यकीय अधिकारी असे दोघे मिळाले तर उत्तम. ज्याला मालमत्ता मिळणार तो साक्षीदार नसावा.

गोवा आणि परदेश

कोलवाळच्या तुरुंगातल्या गोंयकाराच्या बाबतीत नोंदणी कायदा तोच, पण एक गाठ जादा आहे. गोव्यात लग्नानंतर बहुतेक जोडप्यांची मालमत्ता सामाईक असते, त्यामुळे घर-जमीन विकायला पती-पत्नी दोघांच्या सह्या लागतात. म्हणजे मालमत्ता बाहेरच्या जोडीदाराने कमावलेली असली तरी आत असलेल्याचं मुखत्यारपत्र किंवा सही चुकत नाही. वारसाहक्काचं खत तिथे विशेष नोटरीकडे होतं, बाजारातल्या नोटरीकडे नाही.

आखातात किंवा अन्यत्र कुणी आत असेल तर तिथल्या भारतीय दूतावासाच्या वाणिज्यदूत विभागाला लिहा. १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम ३६ ने आपल्या नागरिकाला तुरुंगात भेटण्याचा हक्क वाणिज्यदूताला दिलाय, आणि त्याच्यासमोर केलेलं मुखत्यारपत्र साक्ष अधिनियमातही बसतं, नोंदणी कायद्याच्या कलम ३३ मध्येही. मसुदा इथल्या वकिलाकडून करून पाठवा, तिकडे कुणालाही गट नंबर आणि सातबारा कळणार नाही. कागद महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरायचं, म्हणून पाकिटावरची पोच-तारीख जपून ठेवा.

माणूस सुटून आला की मुखत्यारपत्र आपोआप रद्द होत नाही. ज्या पातळीवर ते केलं त्याच पातळीवर रद्दपत्र करा: नोटरीचं असेल तर नोटरीसमोर, नोंदणीचं असेल तर नोंदणी करून. मूळ प्रती मुखत्याराकडून परत घ्या आणि रद्दपत्राची प्रत बँक, सोसायटी, दुय्यम निबंधक अशा प्रत्येकाला देऊन पोच घ्या. ज्याला रद्द झाल्याची खबर नव्हती, त्याच्याशी जुन्या मुखत्याराने केलेला व्यवहार तुमच्यावर बंधनकारक ठरू शकतो.